अठरा वर्षांचा नोटीस पीरियड

गेल्या रविवारी सकाळी एकाच फॉरवर्डने मला तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर गाठलं. एक सोसायटीचा, एक इंजिनिअरिंगच्या बॅचचा आणि एक (हे जरा अनपेक्षित होतं) बायकोच्या मावशीने काढलेला फॅमिली ग्रुप. मजकूर साधारण असा की डॉ. श्रीराम लागू म्हणजे परदेशात शिकून आलेले नामवंत सर्जन, बेचाळिसाव्या वर्षी एक दिवस त्यांनी सगळं सोडलं आणि नाटकात उडी घेतली, मग तुम्ही कसली वाट बघताय? खाली उगवत्या सूर्याचा फोटो.

एरवी असले मेसेज मी न वाचताच पुढे सरकवतो. या वेळी नाही जमलं, कारण प्रश्न थेट मलाच विचारल्यासारखा वाटला.

थोडं बॅकग्राउंड. नोकरी ऐरोलीत, घर नेरुळला. गेली काही वर्षं आमचा एक हौशी नाटकाचा ग्रुप आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळी एका सोसायटीच्या हॉलमध्ये तालमी चालतात. हॉल नऊला रिकामा करावा लागतो, नाहीतर वॉचमनकाका दिवे बंद करतात. राज्य नाट्य स्पर्धेत आम्ही दोनदा उतरलो. दुसऱ्या वेळी मला अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं (रौप्यपदक नाही, प्रमाणपत्र. पण आईने त्याला फ्रेम केलीये, असो). आणि मागच्या महिन्यात एका व्यावसायिक नाटकासाठी विचारणा झाली. भूमिका चांगली आहे. महिन्याला बारा-पंधरा प्रयोग, शिवाय दौरे. म्हणजे नोकरीचं काय करायचं ते बघा, असं विचारणाऱ्याने अगदी गोड आवाजात सांगितलं.

माझं वय ३४. गृहकर्जाचे अजून १७ वर्षांचे हप्ते शिल्लक. तीन आठवडे मी कुणालाच 'हो' म्हटलं नव्हतं आणि 'नाही'ही म्हटलं नव्हतं.

तर तो फॉरवर्ड वाचला आणि कपाटातून लागूंचं आत्मचरित्र काढलं, 'लमाण'. २००४ साली आलेलं हे पुस्तक मी कॉलेजात असताना वाचलं होतं, म्हणजे त्यातलं नाटक-सिनेमाचं तेवढं वाचलं होतं. आता वाचताना मी कागद-पेन घेऊन फक्त सालं लिहीत गेलो. सवय वाईट. एखाद्या गोष्टीत गडबड वाटली की आधी लॉग बघायचा, तिथे सगळं कळतं. आणि तो लॉग बघितल्यावर फॉरवर्डमधलं 'एक दिवस' हे प्रकरण कुठेच सापडेना.

जन्म १६ नोव्हेंबर १९२७, सातारा. वडील डॉक्टर. शिक्षण पुण्यात, भावे स्कूल, मग फर्ग्युसन, मग बी. जे. मेडिकल कॉलेज. नाटकाची लागण कॉलेजातच झाली. १९५१ च्या सुमाराला भालबा केळकर आणि इतर मित्रांबरोबर पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन उभी राहिली, तीच पुढे सगळ्यांना 'पीडीए' म्हणून माहीत झाली. लागूंचं वय तेव्हा चोवीसच्या आतबाहेर. एकीकडे कान-नाक-घसा या विषयातलं पुढचं शिक्षण, पुण्यात प्रॅक्टिस, आणि संध्याकाळी पीडीएच्या तालमी. १९५७ साली पीडीएने वसंत कानेटकरांचं 'वेड्याचं घर उन्हात' केलं, त्यात लागू होते. कानेटकर पुढे केवढे मोठे नाटककार झाले ते सांगायला नको, पण तेव्हा तेही नवेच. म्हणजे लेखक नवा, संस्था हौशी आणि प्रमुख नट दिवसा लोकांचे कान तपासणारा.

मग कॅनडा आणि इंग्लंड, तिथलं प्रशिक्षण. मग परत पुणे. साठच्या दशकात काही काळ टांझानियातल्या टबोरा या गावी डॉक्टरकी. मी नकाशात शोधलं. किनाऱ्यापासून खूप आत, रेल्वेमार्गावरचं गाव आहे. आपल्याकडचा एखादा माणूस ऑनसाइटला जातो आणि तिथे वीकेंडला महाराष्ट्र मंडळात एकांकिका बसवतो, तसं काही तिथे शक्य असेल असं मला वाटत नाही. देशात असले की मात्र पुण्यात पीडीए आणि मुंबईत विजया मेहतांची 'रंगायन', असं काम चालूच होतं.

आणि मग १९६९. पूर्ण वेळ नट म्हणून व्यावसायिक रंगभूमीवर पाऊल, 'इथे ओशाळला मृत्यू'. लेखक पुन्हा कानेटकरच.

१९५१ ते १९६९. अठरा वर्षं. माझ्या कंपनीतला नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड मला अन्याय वाटतो, आणि हा माणूस अठरा वर्षं नोटीस पीरियडवर होता :) दोन्ही कामं पूर्ण निष्ठेने करत. 'उडी' हा शब्द इथे लागूच पडत नाही (कोटी मुद्दाम केलेली नाही). उडी मारणाऱ्याला खाली काय आहे हे माहीत नसतं. इथे खाली काय आहे हे अठरा वर्षं रोज संध्याकाळी बघून झालं होतं. संहिता कशी वाचायची, लोकांसमोर फजिती कशी होते, चांगला दिग्दर्शक काय मागतो, हे सगळं त्याने पगाराची चिंता नसताना शिकून घेतलं होतं.

आणखी एक गोष्ट फॉरवर्डवाल्यांना सांगावीशी वाटते. या माणसाच्या मागे भक्कम बॅकअप होता. वडील डॉक्टर, हातात सर्जनची पदवी, परदेशी अनुभव. नाटक नाही चाललं तर उद्या परत दवाखान्याची पाटी लावता आली असती. म्हणून त्यांचं धाडस कमी होतं का? नाही. पण ज्याच्याकडे हे काही नाही त्याला 'तुम्ही कसली वाट बघताय' विचारणं मला बरोबर वाटत नाही. लागूंचे सिनेमातले जोडीदार निळू फुले पुण्यात सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे. त्यांची वाट वेगळी आणि कितीतरी जास्त खडतर होती. त्यांच्यावर कुणी उगवत्या सूर्याचा फोटो टाकत नाही, कारण 'माळीकाम सोडलं' यात मध्यमवर्गाला त्याग दिसत नाही. 'डॉक्टरकी सोडली' यात दिसतो.

आता डॉक्टरांचा विषय निघालाच आहे तर. आपल्या रंगभूमीवर डॉक्टर इतके का, हे मला कायम कोडं आहे. एकट्या बी. जे. मेडिकलचं नाव घेतलं तरी लागू, मग जब्बार पटेल (बालरोगतज्ज्ञ), मोहन आगाशे (मनोविकारतज्ज्ञ). पटेल आणि आगाशे पीडीएच्याच मुशीतले, १९७२ चं 'घाशीराम कोतवाल' तिथलंच, आणि त्यावरून संस्थेत फूट पडून 'थिएटर अ‍ॅकॅडमी' झाली तो इतिहास वेगळा. आणि मुंबईत डॉ. काशिनाथ घाणेकर, दंतवैद्य. 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधला संभाजी, 'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या. त्यांच्यावर २०१८ साली सिनेमा आला तेव्हा आमच्या ऑफिसातल्या ज्या पोरांनी आयुष्यात नाटक बघितलं नव्हतं तेही 'कडक' म्हणत फिरत होते.

घाणेकर आणि लागू ही तुलना त्या सिनेमामुळे सगळ्यांच्या डोक्यात बसलीये. एकाच्या एंट्रीला टाळ्या-शिट्ट्या, दुसऱ्याचा अभिनय विचारी, संयत. मला स्वतःला यात कुणाला जिंकवण्यात रस नाही. पण घाणेकर १९८६ साली अमरावतीला दौऱ्यावर असतानाच गेले. हा धंदा माणसाच्या शरीराकडून काय वसूल करतो, याचा विचार प्रमाणपत्राला फ्रेम करताना आपण करत नाही.

परत १९७० वर येऊ. हे एक वर्ष लागूंच्या आयुष्यात भलतंच गच्च भरलेलं आहे. पूर्ण वेळ नट होऊन वर्ष झालं नाही तोवर त्यांनी तेंडुलकरांचं 'गिधाडे' बसवलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, एका घरातली माणसं पैशासाठी एकमेकांना फाडून खातात, त्याची गोष्ट. आजही वाचताना पोटात ढवळतं. त्यात गर्भपाताची खूण म्हणून साडीवर लाल डाग दिसतो. सेन्सॉरने त्या डागाला हरकत घेतली. मग या मंडळींनी काय केलं? डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगून टाकलं की निळा दिसणारा डाग कृपया लाल समजावा!

हा किस्सा मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा खुर्चीत उडालो होतो. याला म्हणतात वर्कअराउंड. नियम तंतोतंत पाळला आणि लाल डाग प्रत्येकाच्या डोक्यात दुप्पट गडद करून ठेवला. पण गंमत बाजूला ठेवून बघा. ज्या माणसाने नुकताच स्थिर व्यवसाय सोडलाय, ज्याला आता नाटकावरच पोट भरायचंय, तो पहिल्याच वर्षात हे असलं नाटक हातात घेतो. लोकांना आवडणारं, हमखास चालणारं काही नाही. इथे मला धाडस दिसतं. दवाखाना सोडण्यात दिसतं त्यापेक्षा जास्त.

आणि त्याच वर्षाच्या शेवटी, २३ डिसेंबर १९७० ला, मुंबईत बिर्ला मातुश्री सभागृहात 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग झाला. लेखक वि. वा. शिरवाडकर, म्हणजे आपले कुसुमाग्रज. दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, संस्था गोवा हिंदू असोसिएशन. गणपतराव बेलवलकर म्हणजे लागू, त्यांची 'सरकार' कावेरी म्हणजे शांता जोग.

गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. रंगभूमीवरून निवृत्त झालेला मोठा नट आपलं होतं-नव्हतं ते सगळं मुलाला आणि मुलीला वाटून देतो आणि मग आधी मुलाच्या, नंतर मुलीच्या घरी राहायला जातो. दोन्हीकडून अपमान, मुलीकडे तर चोरीचा आळ. बायको जाते. शेवटी फुटपाथवर, बूटपॉलिश करणाऱ्या एका पोराच्या सोबतीने दिवस काढतो. मुळात शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'ची सावली आहे, पण शिरवाडकरांनी त्या राजाला मराठी मध्यमवर्गीय घराच्या बैठकीत आणून बसवलं. आता राज्याच्या जागी फंडाचे पैसे आणि दागिने आले. म्हणून ते इतकं लागतं.

पहिल्या प्रयोगाला लागूंचं वय ४३. म्हणजे आमच्या डिलिव्हरी मॅनेजरएवढं. त्या वयात त्यांनी एक थकलेला, पडलेला, तरी आतून अजून राजा असलेला म्हातारा उभा केला. आवाजाचा विचार करा. एकाच प्रयोगात बेलवलकर आपल्या जुन्या भूमिकांचे मोठमोठे उतारे म्हणतो, नातीशी खेळतो, दारूत बरळतो, बायकोसमोर मोडून पडतो. सगळ्याला वेगळा श्वास, वेगळी पट्टी. गळा म्हणजे काय चीज आहे हे ज्याने ऑपरेशन टेबलावर उघडून बघितलंय असा नट जगात किती असतील? त्याचा उपयोग झालाच असणार, असं माझं आपलं मत.

एक घरगुती किस्सा सांगतो. माझे बाबा गेली कित्येक वर्षं सांगत आलेत की त्यांनी तरुणपणी लागूंचं 'नटसम्राट' बघितलं. लाइट गेले होते, पुन्हा आले, लागूंनी वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं, वगैरे. रविवारी मी फोनवर विषय काढला तर मागून आईचा आवाज आला, "अहो, ते दत्ता भट होते. मी होते ना शेजारी." बाबा दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "असतील. पण रडवलं होतं बघ." दत्ता भट, सतीश दुभाषी अशा मोठ्या नटांनी पुढे ही भूमिका केली, आणि महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत अशीच सरमिसळ झाली असणार. बाबांच्या पिढीला बेलवलकर म्हटलं की चेहरा लागूंचाच दिसतो, बघितला कुणाचाही असो.

पण या भूमिकेचं बिलही आलं. रात्रीमागून रात्री तेच कोसळणं, तेच ओरडणं, वर दौऱ्यांची जागरणं, एसटीचे आणि बसचे रस्ते. काही वर्षांतच लागूंना हृदयविकाराने गाठलं आणि बेलवलकर त्यांना सोडावा लागला. स्वतः डॉक्टर असलेला माणूस. शरीर काय म्हणतंय हे त्यांना कळत नव्हतं असं कसं म्हणणार? कळूनही प्रयोगाला उभं राहणं ही वेगळीच गोष्ट असावी. आमच्या हौशी नाटकाचे ओळीने तीन प्रयोग झाले तेव्हा चौथ्या दिवशी मी स्टँडअप मीटिंगला बसून होतो, एवढंच मी अनुभवाने सांगू शकतो.

'नटसम्राट'शेजारी बाकीची नाटकं झाकली जातात, ते बरोबर नाही. 'हिमालयाची सावली'तले नानासाहेब भानू, ज्यांच्यामागे महर्षी कर्व्यांची छाया आहे. गो. पु. देशपांड्यांचं 'उद्ध्वस्त धर्मशाळा', ज्यात एका डाव्या विचारांच्या प्राध्यापकाची विद्यापीठात चौकशी चालते. जवळजवळ सगळं नाटक म्हणजे वाद आणि बोलणं, आणि ते लागूंनी बसवलं आणि केलं. मला विचाराल तर पुस्तकात वाचून ज्या नाटकासाठी 'आपण तेव्हा असायला हवं होतं' असं वाटतं, ते हे.

सिनेमाही याच काळातला. १९७२ मध्ये व्ही. शांतारामांचा 'पिंजरा'. तत्त्वनिष्ठ मास्तर तमाशातल्या बाईच्या नादाने फडात झाडू मारण्यापर्यंत येतो आणि शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपात सापडतो. मग 'सामना', दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा तेंडुलकरांची. निळू फुल्यांचा साखरसम्राट हिंदूराव आणि त्याच्या गावात कुठूनतरी येऊन पडलेला दारुडा मास्तर लागूंचा. गायब झालेल्या मारुती कांबळेची चौकशी करत राहणारा. १९७५ साली हा सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात गेला. मग १९७९ चा 'सिंहासन', त्यातले अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे. कुठल्याही निवडणुकीनंतरच्या फोडाफोडीच्या आठवड्यात हा सिनेमा लावून बघा, कपडे आणि टेलिफोन सोडून काहीही जुनं वाटत नाही.

हिंदीत त्यांनी शंभराहून जास्त सिनेमे केले. त्यातले बरेच म्हणजे नायिकेचे वडील, इन्स्पेक्टर, जज्ज, किंवा 'लावारिस'मधल्यासारखे दारुडे. सिनेमाने पैसा आणि ओळख दिली, जीव नाटकात होता. आपल्या भाषेत बोलायचं तर बिलेबल प्रोजेक्ट आणि आवडीचं प्रोजेक्ट. म्हणजे बघा, दवाखाना सोडल्यावरही दोन होड्यांवरचा प्रवास सुटला नाहीच! फक्त एक होडी बदलली. फॉरवर्डमध्ये हेही नसतं.

त्या हिंदी गर्दीतला एक सिनेमा मात्र नवी मुंबईकरांनी आवर्जून बघावा. भीमसेन यांचा 'घरौंदा', १९७७. अमोल पालेकर आणि झरिना वहाब हे नोकरी करणारं जोडपं. पै-पै साठवून मुंबईत घर बुक करतात आणि बिल्डर पैसे घेऊन पळतो. लागू त्यात त्यांचे वयस्क, श्रीमंत, आजारी साहेब, मिस्टर मोदी. ही भूमिका खलनायकासारखी करणं सोपं होतं. लागूंनी तो माणूस इतका एकटा आणि सभ्य केलाय की सिनेमाचा तोलच बदलतो. ज्याचा राग यायचा त्याचीच दया येते. त्यासाठी त्यांना सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं.

मुंबईत घर मिळत नाही म्हणून तर खाडीच्या पलीकडे आपलं शहर उभं राहिलं. सिडकोची स्थापना मार्च १९७० ची, 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग डिसेंबर १९७० चा. एकीकडे खाडीपलीकडच्या दलदलीत आणि भातखाचरांत लाखो माणसांच्या घरांचे नकाशे काढणं चालू, दुसरीकडे रंगमंचावर एक म्हातारा डोक्यावर छप्पर मागतोय. योगायोग आहे, मला त्यातून काही सिद्ध करायचं नाही. पण आमच्या बिल्डिंगमध्ये खाली बाकावर बसणारे निम्मे आजोबा सातारा, सांगली, कोल्हापूरकडचं घर विकून मुलाच्या वन-बीएचकेत आलेले आहेत, आणि संध्याकाळी ते काय बोलतात हे मी कधी कधी ऐकतो. 'नटसम्राट' जुनं झालं असं मला तरी म्हणवत नाही.

लागूंच्या आयुष्यातला एक प्रसंग मी लिहू की नको असं करत होतो. त्यांचा मुलगा तन्वीर लोकलने जात असताना बाहेरून कुणीतरी भिरकावलेला दगड लागून गेला. ऐन तारुण्यात. वाशीच्या पुलावरून रोज जाताना दारात उभं राहणाऱ्यांनो, एवढंच. लागू आणि दीपाताईंनी २००४ पासून त्याच्या नावाने 'तन्वीर सन्मान' सुरू केला, नाटकातल्या माणसांसाठी.

देवाबद्दल त्यांचं मत प्रसिद्धच आहे. देवाला रिटायर करा, असा लेखच लिहिला आणि त्यावरून भरपूर शिव्या खाल्ल्या. नरेंद्र दाभोलकरांबरोबर गावोगाव जाऊन विवेकावर जाहीर चर्चा केल्या. दोघेही साताऱ्याचे. सामाजिक कार्यकर्त्यांसाठी सामाजिक कृतज्ञता निधी उभा करायला अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. तुम्हाला पटो न पटो, पण रंगमंचावर एक आणि खाली उतरल्यावर दुसरं, असं त्यांच्याबाबत कुणी म्हणत नाही.

आणि म्हातारपणी पुन्हा नाटकच. १९९९ साली अतुल पेठे यांनी मकरंद साठे यांचं 'सूर्य पाहिलेला माणूस' बसवलं, त्यात सॉक्रेटिस लागूंनी केला. वय सत्तरीपार. हृदयाचं दुखणं झालेला माणूस, पुन्हा पाठांतर, पुन्हा प्रयोग. तेसुद्धा आपल्यापेक्षा निम्म्या वयाच्या मंडळींबरोबर. १७ डिसेंबर २०१९ ला पुण्यात ते गेले, ९२ व्या वर्षी.

आत्मचरित्राचं नाव त्यांनी 'लमाण' ठेवलं. लमाण म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून या गावाहून त्या गावी नेणारा. माल लेखकाचा, पोचवायचा प्रेक्षकाकडे. नट मधला. इतक्या मोठ्या नटाने स्वतःसाठी हा शब्द घ्यावा, याचं कॉलेजात असताना मला नुसतं कौतुक वाटलं होतं. आता वाचताना दुसरंच जाणवलं. लमाणाला रस्ता माहीत असावा लागतो, बैलांची काळजी घ्यावी लागते आणि वर्षानुवर्षं तीच वाट तुडवावी लागते. एका उडीत होणारं ते काम नव्हे.

बायकोला मी कागदावर लिहिलेली सालं दाखवली. ती सीए आहे, तिला आकडे लगेच कळतात. म्हणाली, "१९५१ ते १९६९. आणि तुझी किती झाली?"

"साडेतीन."

"मग अजून साडेचौदा वर्षं आहेत की. कर्ज पण फिटत आलेलं असेल तोवर." आणि ती चहा ठेवायला उठली. मला हसावं की चिडावं कळेना.

संध्याकाळी वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृहात एका नाटकाचा प्रयोग होता, तिकीट आधीच काढलेलं. मध्यंतरात वडा खाताना विचारणा करणाऱ्या त्या गृहस्थांना फोन लावला. म्हटलं, शनिवार-रविवारचे मुंबई, ठाणे, पुण्याचे प्रयोग देतो, वर्षाची सगळी रजा नाटकाला लावतो, पण लांबचे दौरे आत्ता नाही जमणार आणि नोकरीही सोडणार नाही. चालत असेल तर सांगा, नाहीतर वाईट वाटून घेऊ नका. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दौऱ्याला दुसरा नट उभा करावा लागेल. बघतो." तेवढ्यात तिसरी घंटा झाली.

हे लिहितोय तोवर त्यांचा फोन आलेला नाही. मंगळवारी नेरुळला आमची नेहमीची तालीम आहे, साडेसातला.